रविवारच्या उपासनेपलीकडे: ख्रिस्ती भक्तीच्या काही अनोळखी वाटा, कोल्हापुरात राहून

"हे आपल्यात नसतं." प्रार्थना सभेत कुणी 20 मिनिटं गप्प बसूया म्हटलं, किंवा एकच छोटी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणूया म्हटलं, की हे वाक्य येतंच. मागच्या बाकावरच्या आज्जीकडून येतं, तसं तरुण संघातल्या पोरांकडूनही येतं. ते हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यामागे इतिहास आहे.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले आणि इथल्या मिशनकार्याला सुरुवात झाली. पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि आपल्या उपासनेचा साचा तिथूनच आला: गायन, शास्त्रवाचन, लांब प्रार्थना, त्याहून लांब उपदेश. धर्मसुधारणेतून आलेल्या या प्रोटेस्टंट परंपरेला जपमाळ, मेणबत्ती, गुडघे टेकणं यांत रोमचा, म्हणजे कॅथलिक पंथाचा, वास यायचा. इथल्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांची भीती वेगळी होती. त्यांनी जात, गाव, भाऊबंद सोडून बाप्तिस्मा घेतलेला. नामस्मरण, पदयात्रा, मौन, टाळ यांतलं काहीही परत घरात आलं, तर मागचा दरवाजा उघडा राहिला असं त्यांना वाटणं साहजिक होतं. दोन्ही भीती एकावर एक बसल्या आणि भक्ती जवळजवळ पूर्ण कानांवर आणि बाकावर येऊन थांबली.

खाली ज्या साधना सांगतोय त्या 'अनोळखी' फक्त आपल्यासाठी. काही मंडळीच्या पहिल्या शतकांपासून चालत आल्यात, काही मराठी मातीत ख्रिस्ती हातांनीच रुजवलेल्या आहेत. पवित्र शास्त्र, मंडळी आणि शेजारी या तिघांकडे नेणारी साधना धरावी, यांच्यापासून लांब नेणारी कितीही गोड लागली तरी सोडावी, हा माझा निकष. पुढचं सगळं याच निकषावर निवडलंय.

सुरू करण्याआधी

दोन माणसांना सांगा. एक तुमचे पाळक, दुसरा एखादा जवळचा विश्वासू, जो तोंडावर खरं बोलेल. पाळकांना सांगताना भाषण नको. "पाळकसाहेब, लेंतमध्ये रोज सकाळी अर्धा तास शांत बसून एक उतारा वाचायचं ठरवलंय. महिन्याभराने तुमच्याशी बोलायचं आहे, वेळ द्याल का?" एवढं पुरे. (लेंत म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचा 40 दिवसांचा उपासकाळ.) बहुतेक पाळक खूश होतात. एखादे म्हणतील, "जपून ओ." तेही ऐकून घ्या.

दुसरं, एका वेळी एकच साधना. पौलाने तीमथ्याला सुभक्तीची कसरत करायला सांगितलं (1 तीमथ्य 4), आणि कसरत म्हणजे काय हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. तालमीत पहिल्या दिवशी वस्ताद डाव शिकवत नाहीत. आधी माती उकरायला लावतात, मग जोर-बैठका. मोबाईलवर पाहून एका आठवड्यात मौन, उपास, रात्रीचं जागरण सगळं सुरू करणारा दुसऱ्या आठवड्यात रविवारच्या उपासनेलाही दिसत नाही.

एक वही घ्या. साधी, शंभर पानी. फोनमध्ये लिहू नका, फोन हातात आला की व्हॉट्सअ‍ॅप आलंच.

हळू वाचन

सगळ्यात आधी हे घ्या, कारण यावर आज्जीसुद्धा आक्षेप घेऊ शकत नाहीत. पाश्चात्त्य मठांत ही पद्धत शतकानुशतकं चालत आली. 12व्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवासमोर नुसतं राहणं. आपल्याला पहिली आणि तिसरी चांगली येते. दुसरीला आपण घाई करतो आणि चौथी आपल्याला जमतच नाही.

उतारा लहान घ्यायचा, 6 ते 8 वचनांचा. पहिल्यांदा पौलाची पत्रं नकोत, त्यात वाक्यं लांब आणि वाद जास्त. शुभवर्तमानातली गोष्ट घ्या. मार्क 10:46-52, यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय, सुरुवातीला उत्तम.

पहिलं वाचन मोठ्याने. घरात कुणी झोपलं असेल तर ओठ हलवून. मग एक मिनिट थांबा. दुसरं वाचन आणखी हळू, आणि कुठे अडखळता ते बघा. अडखळणं म्हणजे कठीण शब्द नव्हे; एखादा शब्द किंवा प्रसंग मनाला धरून ठेवतो, ती जागा. कुणाला लोक बार्तीमयाला दटावून गप्प करतात तिथे अडायला होतं. कुणाला त्याने अंगावरचं वस्त्र टाकून उडी मारली तिथे. भिकाऱ्याकडे तेवढी एकच तर मालमत्ता! डोळे मिळालेले नाहीत, आणि अंथरूण-पांघरूण-झोळी सगळं असलेलं ते वस्त्र तो मागे टाकतो. मिळाले नसते तर गर्दीत ते परत कसं शोधणार होता? हा प्रश्न डोक्यात आला की तिथेच थांबायचं. पुढे वाचू नका. ही दुसरी पायरी.

तिसरी पायरी म्हणजे त्यातून निघालेली प्रार्थना. येशू त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं? आंधळ्याला काय हवं ते उघड दिसत असतानाही विचारतो. तुम्हाला तोच प्रश्न विचारलाय असं समजून उत्तर द्या, वहीत एका वाक्यात लिहा. "पोराला नोकरी" हे उत्तरही चालतं. आध्यात्मिक दिसण्यासाठी उत्तर सजवायचं नाही.

चौथ्या पायरीला काहीच करायचं नसतं. वही मिटायची, शास्त्र मिटायचं, 5 मिनिटं बसायचं. डोक्यात गॅस सिलिंडर, ईएमआय, उद्याचा डबा येणारच. आला विचार की वचनातला तो एक शब्द मनात म्हणायचा आणि परत बसायचं. पुढे या 5 मिनिटांची 10 होतात, पण ती वाढवायचं टार्गेट ठेवू नका.

गटात करायचं तर 6 ते 8 माणसं बस्स. एकच उतारा तीन वेळा, तीन वेगवेगळ्या आवाजांत वाचा: एकदा बाईने, एकदा पुरुषाने, एकदा लहान पोराने. प्रत्येकाने अडखळलेला शब्द फक्त सांगायचा. समजावून सांगायला सुरुवात करणाऱ्याला गटप्रमुखाने हसून थांबवायचं, आणि त्या यादीत निवृत्त शिक्षक हमखास पहिले असतात.

श्वासाची प्रार्थना

वाद इथे होतो, म्हणून आधी वादाचं बोलू.

"हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." ही प्रार्थना पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शतकांपासून चालत आलीय. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी, सिनाई, मग ग्रीसमधला अथोस पर्वत असा तिचा प्रवास. शेवटचे शब्द लूक 18 मधल्या जकातदाराचे, जो मंदिरात मागे उभा राहून ऊर बडवत होता. बार्तीमयाची हाकही तिच्या जवळचीच.

हरकत अशी, की हा जप झाला, आणि मत्तय 6 मध्ये येशूने परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका असं सांगितलंय. मग त्याच शुभवर्तमानाचा 26वा अध्याय उघडा. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं 44व्या वचनात आहे. स्तोत्र 136 मध्ये 26 वचनं आहेत आणि देवाची दया सनातन आहे हे पालुपद 26 वेळा येतं. येशू व्यर्थपणाला नाही म्हणतो. जास्त वेळा म्हटलं म्हणून देव ऐकेल, अमुक संख्या झाली की काम होईल, ही समजूत त्या वचनाखाली येते. म्हणून एक पथ्य: मोजायचं नाही. माळ नको, मोबाईलचं काउंटर नको. कॅथलिक बंधुभगिनींच्या जपमाळेची गोष्ट वेगळी, ती येशूच्या जीवनातल्या घटनांवर मनन करत म्हणतात; पण आपल्याकडे मोजणं सुरू झालं की दहा दिवसांत चढाओढ लागते.

पद्धत अशी. पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले. श्वास आत घेताना "हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पाप्यावर दया कर". श्वास मुद्दाम लांबवायचा किंवा रोखायचा नाही. हा प्राणायाम नाही. चक्कर, छातीत धडधड असं काही झालं तर श्वासाची जोड सोडा आणि प्रार्थना नुसती ओठांनी म्हणा. सुरुवात 10 मिनिटांची. ही प्रार्थना बसून शिकायची असली तरी वापरायची रस्त्यावर: दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतल्या रांगेत, सासूबाईंचा तिसरा फोन उचलण्याआधी.

रंकाळ्याची फेरी आणि चढणीची स्तोत्रं

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये फरशीवर 13व्या शतकातला एक गोल वळणावळणाचा मार्ग आहे. लोक त्यावरून प्रार्थना करत चालतात, आणि हल्ली जगभर त्याच्या नकला निघाल्यात. आपल्याकडे रंकाळा तलाव आहे, तोही फुकट.

चालत प्रार्थना करणं ही कल्पना बायबलची आहे. स्तोत्र 120 ते 134 ही 15 स्तोत्रं यरुशलेमेच्या यात्रेशी जोडलेली आहेत. चढण चढताना यात्रेकरू ती गात, असं मानतात. म्हणजे पायांनी भक्ती करण्यात काही परधर्मीय नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाणारी माणसं बघून आपल्याला जे काहीसं हलल्यासारखं होतं, ते दाबून टाकायची गरज नाही; आपल्याही पूर्वजांच्या, म्हणजे विश्वासातल्या पूर्वजांच्या, पायांना धूळ लागलेली आहे.

सकाळी 6च्या आसपास जा. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या आणि गर्दी, प्रार्थना दूर राहते आणि पोट पुढे होतं. तीन स्तोत्रं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा: 121, 130, 131. फेरीचे मनातल्या मनात तीन भाग पाडा. पहिल्या भागात 121, मदत कुठून येते याचं. एकेक ओळ म्हणायची आणि 50-60 पावलं गप्प चालायचं. दुसऱ्या भागात 130, खोल डोहातून मारलेली हाक. इथे स्वतःची पापं आणि घरातली न सुटलेली प्रकरणं देवासमोर ठेवायची. तिसऱ्या भागात 131. अवघं 3 वचनांचं आहे, आईच्या कुशीत शांत झालेल्या बाळाचं. ते पाठच होऊन जाईल.

यात आणखी एक गोष्ट मिसळता येते: दिसेल त्यासाठी प्रार्थना. झाडू मारणाऱ्या मावशी, नातवाला सायकल शिकवणारे आजोबा, बाकावर एकटाच बसलेला कॉलेजचा पोरगा. नाव माहीत नसलं तरी चालतं. संध्यामठापाशी थांबून गावातल्या इतर धर्मीय शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्यांच्या विरुद्ध नव्हे, त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात पाण्याला वास मारतो, कधी जलपर्णी पसरते. तेव्हा नाकाला रुमाल लावून पाय उचलू नका. बागेची मशागत आणि राखण मनुष्याकडे सोपवली असं उत्पत्ती 2 मध्ये आहे, आणि रंकाळ्याचं पाणी त्या सोपवणुकीतच येतं.

इअरफोन घरी. गाणीसुद्धा नकोत, ख्रिस्ती गाणीसुद्धा. गुडघे दुखत असतील तर एका बाकावर बसून तीनही स्तोत्रं म्हणा, काही बिघडत नाही.

रात्रीचा झाडा

इग्नेशियस लोयोला (1491-1556) यांनी येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाच्या, लोकांना दिलेली ही पद्धत. झोपण्याआधी 10 मिनिटं. देवासमोर बसायचं, दिवसातल्या एका गोष्टीबद्दल आभार मानायचे, मग सकाळपासूनचा दिवस सिनेमासारखा मनात पुढे सरकवायचा. कुठे देवाच्या जवळ होतो, कुठे लांब गेलो. चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्यासाठी एक विनंती करायची, झोपायचं. एवढंच. नवरा-बायको मिळून करत असाल तर एकच नियम: दुसऱ्याच्या दिवसाचा झाडा घ्यायचा नाही.

उपास

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण इतरांना लावतो, पण लेंतमध्ये आपल्याकडेही चहा सोडून कॉफी पिणारे कमी नाहीत. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्या बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. लेंत राखेच्या बुधवारपासून सुरू होतो आणि त्याचे 40 दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा. म्हणजे रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला नियमाने कुणी अडवत नाही! पण तिथेच एक साधना दडलीय.

रविवारचं मटण महिन्यातून एकदा सोडा. फक्त सोडून थांबू नका: यशया 58 वाचा, भुकेल्याला आपली भाकर वाटावी आणि निराश्रिताला घरी आणावं असा उपास देवाला हवा असं तिथे लिहिलंय. मटणाचे, मसाल्याचे, सोलकढीचे पैसे पाकिटात बाजूला काढा आणि त्याच दिवशी पोहोचवा. सीपीआरच्या आवारात पेशंटसोबत आलेल्या खेड्यातल्या माणसांना जेवणाची अडचण असते. पैसे हातात देण्यापेक्षा डबा करून नेला तर जास्त बरं, आणि डबा देताना पत्रक देऊ नका. भुकेल्या माणसाला आधी जेवू द्यावं.

मधुमेह, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, वेळेवर घ्यायच्या गोळ्या, किंवा पूर्वी खाण्याचा आजार होऊन गेलेला असेल तर अन्नाचा उपास करायचा नाही. पाळकांनी सांगितलं तरी नाही. शुक्रवारी सूर्यास्तापर्यंत फोनवरच्या रील्स सोडणं हा अशांसाठी पुरेसा कडक उपास आहे. बाकीच्यांसाठी कदाचित जास्तच कडक.

पुराच्या दिवसांतला विलाप

आपल्या प्रार्थना सभेत आभार असतात, मागण्या असतात, साक्षी असतात. तक्रार नसते. देवाकडे तक्रार करणं अविश्वासाचं लक्षण, असा एक अलिखित नियम आहे. पण स्तोत्रसंहितेतला मोठा भाग तक्रारीचा आहे. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा येतो. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. आणि 69वं सुरू होतं ते पाणी गळ्यापर्यंत आलं या हाकेने.

2019 आणि 2021 साली पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा हे स्तोत्र उपमा राहिलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आकडे आता इथल्या पोरांनाही पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर कित्येक घरांत जुलै आला की झोप उडते, मंडळीतल्या घरांतही.

विलापाची साधना अशी करता येते. पावसाळ्यात पाणी 39 फुटांवर गेल्याची बातमी आली की त्या संध्याकाळी चार-पाच कुटुंबांनी एका घरात जमायचं. आधी स्तोत्र 69 ची पहिली 3 वचनं वाचायची. मग प्रत्येकाने आपली तक्रार एकेका वाक्यात सांगायची, देवाला उद्देशून: "प्रभू, गेल्या वेळी आईचे दागिने, लग्नाचे फोटो सगळं गेलं. का?" यावर कुणी "देवाची योजना असते" म्हणायचं नाही. ही अट सगळ्यात महत्त्वाची, आणि पाळायला सगळ्यात अवघड. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचं: "हे परमेश्वरा, कोठवर?" शेवटी काही समजावणं नाही, प्रभूची प्रार्थना म्हणायची. आणि मग कामाची वाटणी: कुणाच्या गाडीतून कोणत्या आजींना हलवायचं, कागदपत्रं कुणाच्या माळ्यावर ठेवायची, जनावरं कुठे न्यायची.

तक्रार बोलून झालेल्या माणसाला मदत मागायला लाज वाटत नाही, म्हणून ही कामाची यादी विलापानंतरच नीट होते.

घरचं कीर्तन

माझ्या मते आपल्या हातातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही. मराठीत ख्रिस्ताची कथा गाऊन सांगण्याची रीत 4 शतकांची आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांनी ती ओव्यांत रचली आणि 1616 साली ती छापली गेली. पुढे नारायण वामन टिळकांनी (1861-1919) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती भक्तीत मुरवलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. आज त्यांची पदं आपण गाण्याच्या पुस्तकातून गातो, पण कीर्तन ऐकलेली माणसं वयस्कर पिढीतच उरलीत.

कीर्तनकार मिळेपर्यंत वाट बघू नका. घरगुती कीर्तन 45 मिनिटांचं, पेटी असली तर उत्तम, नाहीतर टाळ. साचा पारंपरिकच ठेवा. नमन, म्हणजे पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला वंदन करणारं एक पद. पूर्वरंगात एक वचन घेऊन त्याचं निरूपण; 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही' हे घ्या, सोपं पडतं. मध्ये येशूनामाचा गजर, सगळ्यांनी उभं राहून, टाळ्यांसकट. मग उत्तररंग, आख्यान. शेवटी भैरवीतलं एखादं पद आणि आशीर्वाद.

सगळा जीव आख्यानात. लूक 15 मधला उधळ्या पुत्र घेतलात तर गोष्ट करवीर तालुक्यात आणा. धाकटा बापाला म्हणतो, "आबा, माझी वाटणी आत्ताच द्या." बाप जिवंत असताना सातबारावर नाव चढवायला सांगणं म्हणजे काय, हे सांगायला पोथी लागत नाही, बसलेल्या प्रत्येकाला ते कळतं. पोरगं पैसे घेऊन पुण्याला जातं, उडवतं, शेवटी दुसऱ्याच्या डुकरांमागे राहतं. इकडे आबा रोज संध्याकाळी उसाच्या बांधावर उभे. लांबूनच चाल ओळखतात आणि धावतात. इथे थांबा: आपल्याकडे धोतर सावरत पोरापुढे धावणारा पाटील कुणी पाहिलाय? लोक हसतील, हसू द्या.

मग थोरला. दिवसभर राबून रानातून येतो, घरातून वाजंत्री ऐकू येतं. गड्याला विचारतो काय चाललंय, आणि आत यायला नाही म्हणतो. बाप बाहेर येऊन विनवतो. थोरला म्हणतो, मला कधी मित्रांबरोबर खायला एक करडूसुद्धा दिलं नाही! कोल्हापुरात हे वाक्य पडलं की निम्मे पुरुष मान डोलावतात. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आख्यान तिथेच, अंगणात तोडा आणि पेटीवाल्याला भैरवीची खूण करा. प्रेक्षकांत चर्चला कधी न चुकणारे बरेच असतात. ती गोष्ट त्यांचीच आहे.

शेजारच्या हिंदू घरांना बोलवा, पण कीर्तन म्हणून बोलवा. आडून धर्मप्रचार असेल तर तो लगेच ओळखू येतो आणि विश्वास जातो. आपली कथा आपण आपल्या पद्धतीने सांगतोय, इतकं सरळ ठेवा. आणि मंडळीतल्या ज्यांना हे रुचत नाही त्यांच्याशी भांडू नका. त्यांना पहिल्या रांगेत बसवा, चहा द्या.

कधी थांबायचं

पहिल्या योहानाच्या 4थ्या अध्यायात आत्म्यांची परीक्षा करा असं सांगितलंय. ती परीक्षा गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातल्या फळांनी करायची: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. महिन्याभराने ही यादी बायकोच्या किंवा नवऱ्याच्या हातात द्या आणि विचारा, यातलं काय वाढलं? स्वतःला गुण देऊ नका. घरच्यांनी "जास्त चिडचिडे झालाय" म्हटलं, तर साधना बदला किंवा कमी करा, मग तुम्हाला आतून कितीही शांत वाटत असो.

काही खुणा मात्र सरळ बाहेर पडायच्या. कुणी सांगतं की हे पाळकांना सांगू नका. कुणी प्रार्थनेसाठी पैसे मागतं. कुणी बीपीच्या, शुगरच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या विश्वासाने बंद करायला लावतं. अशा ठिकाणी दुसऱ्यांदा जाऊ नका. झोप उडाली, आवाज ऐकू येऊ लागले, आपल्याला खास निवडलंय असं सतत वाटू लागलं, तर आधी डॉक्टर. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1890च्या दशकात मिरजेत दवाखाना उभा केला तो याच विश्वासातून. औषध आणि प्रार्थना यांना समोरासमोर उभं करण्याची परंपरा आपली नाही.

वेळापत्रक हवं असेल तर माझं असं असेल: लेंतमध्ये हळू वाचन आणि मटणाचा उपास, उन्हाळ्यात रंकाळा, पावसाळ्यात विलाप, आणि ख्रिस्तजन्माच्या आधीच्या आगमनकाळात कीर्तन, कारण तेव्हा तसंही घरोघरी गाणी असतात आणि पेटी कपाटातून बाहेर निघालेली असते. श्वासाची प्रार्थना आणि रात्रीचा झाडा बारमाही. जी साधना सहा आठवड्यांनंतर फक्त वहीत उरली असेल ती सोडून द्या, दुसरी घ्या, आणि पाळकांना तसं कळवा.